डायलिसिसवर असताना साखर कशी सांभाळायची: मधुमेही रुग्ण आणि घरच्यांसाठी

मधुमेह झाल्यापासून आपल्या कानावर एकच गोष्ट पडत आलेली असते: साखर वाढू देऊ नका. डायलिसिस सुरू झाल्यावर ती गोष्ट खोटी ठरत नाही, पण तिच्या पुढे दुसरी एक येऊन उभी राहते: साखर घसरू देऊ नका. जरा वाढलेल्या साखरेचं नुकसान बहुतेक वेळा महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने होतं. साखर ४० पर्यंत घसरली तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. म्हणून डायलिसिसच्या पहिल्या काही महिन्यांत जुन्या सवयी, जुने आकडे आणि जुनी औषधं, सगळंच नव्याने तपासून घ्यावं लागतं.

हा लेख नुकतंच डायलिसिस सुरू झालेल्यांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. डोस किती हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. काय बघायचं, काय लिहून ठेवायचं, काय विचारायचं आणि कुठे थांबायचं नाही, ते इथे सांगतो. साखरेचे सगळे आकडे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत, म्हणजे ग्लुकोमीटरवर दिसतात तेच.

आधी हे समजून घ्या: शरीरात काय बदललं

स्वादुपिंडात तयार होणारं इन्सुलिन प्रथम यकृतात जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच संपतं. टोचून घेतलेलं इन्सुलिन मात्र आधी सगळ्या शरीरात फिरतं, आणि त्याचा निचरा करण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. मूत्रपिंडं निकामी झाली की तेच दहा युनिट रक्तात जास्त वेळ रेंगाळतात. दोन वर्षांपूर्वी बरोबर बसलेला डोस आज जास्त होतो तो यामुळे.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. आपण उपाशी असतो तेव्हा रक्तात साखर सोडण्याचं काम यकृताबरोबर मूत्रपिंडंही करतात. साखर घसरायला लागली की हा आधार धावून येतो. डायलिसिसवर असलेल्या माणसाचा हा आधार तोकडा पडतो. त्यात भूक मंदावलेली, वजन उतरलेलं, स्नायू झिजलेले. म्हणून एकदा घसरलेली साखर आपणहून वर येत नाही, आणि वर आणली तरी पुन्हा घसरते.

उलट दिशेने ओढणाऱ्याही गोष्टी आहेत. रक्तात साठलेली विषारी द्रव्यं शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. डायलिसिस सुरू होऊन रक्त साफ व्हायला लागलं की इन्सुलिन पुन्हा नीट लागू पडतं. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत इन्सुलिनची गरज आणखी उतरू शकते. पुढे भूक सुधारली, खाणं वाढलं की ती पुन्हा थोडी चढते. हे चढउतार तुमच्या चुकीमुळे होत नाहीत.

काही जणांची साखर हळूहळू औषधाशिवायही ताब्यात राहायला लागते. घरात आनंद होतो, मधुमेह गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो. इन्सुलिन साठून राहणं आणि कमी खाणं यांमुळे आकडे खाली आलेले असतात. डोळे, पाय आणि हृदय यांची तपासणी पूर्वीसारखीच चालू ठेवायची.

पायरी १: औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा

घरातली प्रत्येक पट्टी, प्रत्येक पेन, जुन्या चिठ्ठीवरची उरलेली औषधं, सगळं एका पिशवीत घालून न्या. डायलिसिसचे डॉक्टर वेगळे आणि मधुमेहाचे वेगळे असतील तर दोघांनाही दाखवा. एकाने बंद केलेली गोळी दुसऱ्याच्या चिठ्ठीवर तशीच चालू राहिलेली सर्रास आढळते.

मेटफॉर्मिन डायलिसिसवर घ्यायचं नाही. ते मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतं. साठलं तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. अडचण अशी की ते अनेक जोडगोळ्यांमध्ये असतं आणि पाकिटावरच्या मोठ्या नावावरून कळत नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, ते वाचा.

ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यांचे शरीरात तयार होणारे अंशही साखर उतरवतात आणि डायलिसिसवर ते साठत जातात. या गोळ्यांमुळे घसरलेली साखर ग्लुकोज दिल्यावर वर येते आणि काही तासांनी पुन्हा घसरते, कधी कधी दुसऱ्या दिवशीही. याच गटातली गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टर बहुधा ग्लिपिझाइड निवडतात, कारण ती यकृतात निष्क्रिय होते.

लिनाग्लिप्टिनचा डोस मूत्रपिंडांसाठी बदलावा लागत नाही. सिटाग्लिप्टिनचा बदलावा लागतो: नेहमीच्या १०० मिलीग्रॅमऐवजी २५. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकून काम करतात. डायलिसिसवर साखरेसाठी त्यांचा उपयोग उरत नाही. पायोग्लिटाझोनने अंगात पाणी धरतं, आणि पाण्याचाच प्रश्न असलेल्या माणसाला ते नको. सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड यांसारखी आठवड्याची इंजेक्शनं मूत्रपिंडांच्या दृष्टीने चालतात, पण ती भूक मारतात आणि मळमळ आणतात. आधीच पोटभर न जेवणाऱ्या, वजन उतरलेल्या माणसाला ती सुरू करण्याआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

इन्सुलिनबद्दल अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितलेला एक ढोबळ हिशेब अजून वापरात आहे: मूत्रपिंडांची गाळणक्षमता (रिपोर्टातला eGFR) १० ते ५० च्या दरम्यान असताना डोस साधारण चतुर्थांशाने कमी, १० च्या खाली गेल्यावर साधारण निम्मा. ही सुरुवात झाली. पुढचा डोस तुमच्या वहीतल्या आकड्यांवरून ठरतो. तुमचा डोस डायलिसिस सुरू होण्याआधीचाच चालू असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता आजच फोन करून विचारा.

टाइप १ मधुमेह असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. गरज कितीही कमी झाली, जेवण झालं नाही, तरी दिवसभर काम करणारं मूळ इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. कमी करता येतं, शून्य नाही.

पायरी २: कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा

एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, हे आपण शिकलेलो असतो. ही तपासणी लाल रक्तपेशींना चिकटलेली साखर मोजते आणि पेशी साधारण १२० दिवस जगतात असं धरून चालते. डायलिसिसवर पेशींचं आयुष्य कमी होतं. रक्त वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं दिली जातात, लोह दिलं जातं, कधी रक्त चढवलं जातं. या सगळ्यामुळे रक्तात तरुण पेशींचं प्रमाण वाढतं, आणि त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. मग रिपोर्टात ६.५ येतो आणि घरच्या मीटरवर रोज २०० च्या पुढचे आकडे दिसतात. अशा वेळी मीटरचं ऐका.

एचबीए१सी पूर्ण टाकाऊ नाही. तो कसा बदलत जातो हे बघायला उपयोगी पडतो. एक मात्र खरं, की डायलिसिसवर तो ६ च्या आसपास आणण्यासाठी झटणं मला धोक्याचं वाटतं. इन्सुलिन किंवा साखर घसरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या डायलिसिस रुग्णांसाठी ब्रिटनमधल्या मधुमेह संस्थांच्या संयुक्त सूचनांमध्ये ७.५ ते ८.५ टक्के ही पट्टी दिली आहे. आयुष्यभर ७ च्या खाली राहण्याची शिस्त पाळलेल्या माणसाला हा आकडा ऐकून अस्वस्थ वाटतं. पण इथे तो निष्काळजीपणाचा नाही, विचार करून ठरवलेला आहे. तरुण असाल, साखर कधी घसरत नसेल, प्रत्यारोपणाची वाट बघत असाल, तर डॉक्टर याहून कडक लक्ष्यही देतील.

ग्लायकेटेड अल्ब्युमिन नावाची दुसरी तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि तिला लाल पेशींशी देणंघेणं नसतं. जपानच्या डायलिसिस संस्थेने याच तपासणीला महत्त्व दिलं असून २० टक्क्यांच्या खाली राहावं असं सुचवलं आहे. हृदयविकार होऊन गेलेल्यांना आणि साखर घसरण्याकडे कल असलेल्यांना २४. मात्र रक्तातलं अल्ब्युमिनच कमी असेल, किंवा पोटाच्या डायलिसिसमधून प्रथिनं वाहून जात असतील, तर हीही तपासणी फसवते.

मीटरच्याही मर्यादा माहीत असाव्यात. हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर अनेक मीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. म्हणजे मीटरवर ८० दिसले आणि अंग थरथरत असेल, तर आकड्याशी वाद घालू नका, साखर कमी झाली असं समजूनच वागा.

दंडावर लावायचा सेन्सर परवडत असेल आणि डॉक्टरांना मान्य असेल तर पहिल्या काही आठवड्यांसाठी तरी जरूर लावा. झोपेत आणि डायलिसिसच्या खुर्चीवर काय घडतं ते त्यातूनच दिसतं. वयस्क आणि जोखीम जास्त असलेल्यांसाठीचा निकष असा आहे: दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ साखर ७० ते १८० मध्ये, आणि ७० च्या खाली एक टक्क्याहून कमी, म्हणजे चोवीस तासांत जेमतेम पाव तास. या दोन अटींतली दुसरी आधी साधायची.

पायरी ३: वही दोन प्रकारच्या दिवसांची ठेवा

पूर्वी वहीत सकाळ, दुपार, रात्र एवढं पुरत होतं. आता प्रत्येक पानावर सगळ्यात वर लिहा: आज डायलिसिस आहे की नाही, आणि असेल तर किती वाजता. या एका नोंदीशिवाय बाकीच्या आकड्यांचा अर्थच लागत नाही. काल सकाळी १८० आणि आज सकाळी ८५ हे विचित्र वाटतं; काल संध्याकाळी डायलिसिस झालं होतं हे कळलं की उलगडा होतो.

पहिले दोन आठवडे जेवणाआधी, झोपताना आणि डायलिसिसच्या आधी-नंतर साखर बघा. डायलिसिसच्या दिवशीच्या एका रात्री आणि सुट्टीच्या दिवशीच्या एका रात्री तीन वाजताचा गजर लावून एकदा बघा. साखरेशेजारी इन्सुलिनचा डोस, काय आणि किती खाल्लं, आणि सकाळचं वजन लिहा. वजन कशासाठी, ते पुढे येतं.

पायरी ४: डायलिसिसचा दिवस

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक गडबड याच दिवशी होते.

हिमोडायलिसिसमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या रक्ताच्या डायलिसिसमध्ये, रक्त डायलायझर नावाच्या गाळणीतून फिरतं आणि पातळ पडद्याच्या पलीकडून डायलिसिसचा द्रव वाहतो. त्या द्रवात ग्लुकोज किती आहे यावर तुमची साखर कुठे जाणार ते ठरतं. अनेक ठिकाणी तो १०० असतो, काही ठिकाणी २००, आणि काही ठिकाणी ग्लुकोज नसलेला द्रव वापरतात. द्रवात १०० असेल आणि तुम्ही २५० वर खुर्चीत बसलात, तर चार तासांत साखर १०० च्या दिशेने उतरत जाते. ग्लुकोज नसलेल्या द्रवात एका बैठकीत १५ ते ३० ग्रॅम साखर शरीरातून निघून जाऊ शकते. म्हणून पहिल्याच आठवड्यात टेक्निशियनना किंवा सिस्टरना विचारा: तुमच्या द्रवात ग्लुकोज किती असतं? इन्सुलिन घेणाऱ्याला ग्लुकोज नसलेला द्रव चालतो का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

डायलिसिसच्या आधी साखर बघा. ती साधारण १२५ च्या खाली असेल, तर सुरू करण्याआधी २० ते ३० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. दोन तासांनी एकदा आणि संपल्यावर एकदा पुन्हा बघा. उपाशीपोटी इन्सुलिन टोचून सकाळच्या पाळीला यायचं आणि खाणं नंतर बघू म्हणायचं, ही सगळ्यात घातक सवय आहे. जेवणाचं इन्सुलिन जेवणाबरोबरच. जेवण नाही तर ते इन्सुलिनही नाही. भुकेची खात्री नसेल तर जलद काम करणारं इन्सुलिन जेवण झाल्यावर, जेवढं खाल्लं त्या मानाने घेता येतं. तसं करायचं का, ते डॉक्टरांशी ठरवून ठेवा.

खुर्चीवर असताना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सगळ्यांचं लक्ष आधी रक्तदाबाकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. डायलिसिसमध्ये रक्तदाब पडणं नेहमीचं आहे. पण साखर घसरली तरी हीच लक्षणं येतात, आणि दोन्ही एकदमही होऊ शकतं. रक्तदाब बघितला की बोटही टोचलं पाहिजे. पांघरूण घेऊन शांत झोपलेला रुग्ण खरंच झोपला आहे की साखर घसरून गुंगीत गेला आहे, हे लांबून कळत नाही. सोबत आलेल्या माणसाने अधूनमधून हाक मारून जागं करावं.

डायलिसिस संपल्यावर गोष्ट उलटते. डायलायझरने थोडं इन्सुलिनही काढून घेतलेलं असतं, शरीराने साखर वाढवणारी संप्रेरकं सोडलेली असतात, आणि दमलेला भुकेला माणूस घरी येऊन भरपूर जेवतो. दोन-तीन तासांनी मीटरवर २५०-३०० दिसतात. घाबरून लोक जास्तीचं इन्सुलिन टोचतात, आणि खरा धोका इथून सुरू होतो. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शरीराला इन्सुलिन कमी लागतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात डायलिसिसनंतरच्या दिवशी मूळ इन्सुलिनची गरज आधीच्या दिवसापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली होती. म्हणजे संध्याकाळचा उंच आकडा बघून वाढवलेला डोस पहाटे साखर खाली ओढतो. डायलिसिसच्या दिवसाचा आणि मधल्या दिवसाचा डोस वेगळा हवा का, हे वही दाखवून विचारा. ज्यांना हवा असतो त्यांचं आयुष्य या एका बदलाने सोपं होतं.

घरी निघण्याआधी साखर ९० च्या वर आहे का ते बघा. स्वतः गाडी चालवत असाल तर हे चुकवू नका.

पायरी ५: साखर घसरली तर

७० च्या खाली म्हणजे घसरलेली, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. थरथर, घाम, धडधड, भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं सगळ्यांना माहीत आहेत. पण बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांच्या नसा दुबळ्या झालेल्या असतात आणि ही पूर्वसूचना मिळतच नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र तरीही येतो. एरवी शांत असलेला माणूस अचानक तिरसट वागायला लागला, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लागला, तर ‘डायलिसिसने थकलेत’ म्हणून सोडून देऊ नका. आधी बोट टोचा.

शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम झटपट लागू पडणारी साखर द्या: ग्लुकोजच्या गोळ्या, ग्लुकोज पावडर, किंवा तीन चमचे साखर थोड्याशा पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. इतर मधुमेहींना सुचवला जाणारा संत्र्याचा रस इथे टाळा, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. गडद रंगाच्या कोला पेयांमध्ये फॉस्फेट असतं. ग्लुकोज पावडरीचं पाकीटही उलटून बघा, काहींमध्ये खनिजं मिसळलेली असतात. साधं ग्लुकोजच घ्या. मात्र हाताशी दुसरं काहीच नसेल तर जे गोड असेल ते द्या. त्या क्षणी साखर आधी, पोटॅशियमचं नंतर बघता येईल.

साखर वर आली की काम संपत नाही. इन्सुलिन किंवा गोळी अजून रक्तात आहे. पिठूळ पदार्थाचं थोडं खाणं द्या आणि पुढचे काही तास दर तासाला बघत राहा. गोळीमुळे घसरली असेल तर बरं वाटलं तरी दवाखान्यात जा. अशा रुग्णाला बहुधा रात्रभर देखरेखीखाली ठेवावं लागतं.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि तातडीची मदत बोलवा. घरी ग्लुकागॉन असेल आणि शिकवलेलं असेल तर द्या. फार दिवस नीट न जेवलेल्या माणसात ते कमी काम करतं, म्हणून ते देऊन वाट बघत बसायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: साखर एकदा घसरली म्हणजे कुठला तरी डोस किंवा वेळ चुकते आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ‘आता बरं आहे’ म्हणून पुढच्या भेटीपर्यंत तोच डोस चालू ठेवला, तर ती पुन्हा घसरते, आणि बहुधा रात्री.

पायरी ६: साखर वाढली तर, आणि तहानेचं गणित

चालती मूत्रपिंडं असलेल्या मधुमेहीची साखर खूप वाढली की लघवी वारंवार होते, त्यातून साखर आणि पाणी दोन्ही बाहेर पडतं. डायलिसिसवर लघवी कमी किंवा बंद असते. साखर रक्तातच साठत जाते आणि पेशींतलं पाणी रक्तात खेचून घेते. इतरांचं शरीर अशा वेळी कोरडं पडतं, तुमच्या रक्तवाहिन्यांत उलट पाणी वाढतं. रक्तदाब चढतो, धाप लागते, पाण्यामागोमाग पेशींतलं पोटॅशियमही रक्तात येतं. साखर ५००-६०० झाली तरी लघवीची खूण मिळत नाही. फक्त तहान लागते.

आणि ती तहान सोसवत नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन-चार किलोने वाढलेलं बघून रुग्णाला पाण्यावरून बोल लावले जातात. त्याआधी वही उघडा. ज्या दिवशी वजन जास्त वाढलं त्या दिवशी साखर किती होती? २५०-३०० च्या वर रेंगाळणाऱ्या साखरेसोबत पाणी कमी प्यायला सांगणं हा अन्याय आहे. मिठाबरोबर साखरही आवरली की तहान आपोआप उतरते. म्हणून वहीत वजन लिहायचं.

साखर सतत ३०० च्या वर राहिली तर त्याच दिवशी फोन करा. सोबत उलट्या, धाप, गुंगी, पोटात दुखणं असेल तर सरळ दवाखाना. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: रुग्ण डायलिसिसवर आहे, लघवी होत नाही किंवा कमी होते. साखर खूप वाढल्यावर एरवी भराभर सलाइन लावतात. इथे तसं केलं तर पाणी फुप्फुसात भरू शकतं. मुख्य उपचार जपून दिलेलं इन्सुलिन, आणि लागलं तर डायलिसिस. कीटोन (इन्सुलिन अपुरं पडल्यावर रक्तात वाढणारी आम्लं) बघायचे असतील तर लघवीतून नव्हे, रक्तातून बघायला सांगा.

पायरी ७: पोटाचं डायलिसिस असेल तर

पेरिटोनियल डायलिसिसच्या पिशवीत पाणी ओढून घेण्यासाठी ग्लुकोज असतं आणि त्यातलं बरंचसं पोटाच्या पडद्यातून रक्तात शोषलं जातं. हिशेब सोपा आहे. दोन लिटरच्या १.५ टक्क्यांच्या पिशवीत ३० ग्रॅम, २.५ टक्क्यांच्या पिशवीत ५० ग्रॅम आणि ४.२५ टक्क्यांच्या पिशवीत ८५ ग्रॅम. हाताने चार वेळा द्रव बदलणाऱ्यांत यातलं साधारण ६० ते ८० टक्के अंगात मुरतं. तोंडाने न खाल्लेली एवढी साखर रोज आत जाते. इन्सुलिन ठरवताना ती धरावीच लागते. मीठ आणि पाणी आवरलं तर दाट पिशवी कमी वेळा लागते, आणि साखरही आटोक्यात राहते. यंत्रावर रात्रभर डायलिसिस होत असेल तर साखर रात्री चढते, त्यामुळे इन्सुलिनची वेळ वेगळी लागते. आणि एखाद्या रात्री यंत्र लावलंच नाही, पण इन्सुलिन मात्र नेहमीचं घेतलं, तर पहाटे साखर घसरणार.

एक धोका मात्र प्रत्येकाला माहीत असलाच पाहिजे. लांब वेळ ठेवायच्या पिशवीत ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन असेल, तर त्यापासून रक्तात माल्टोज तयार होतं. जीडीएच-पीक्यूक्यू या पद्धतीवर चालणारे मीटर माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. खरी साखर ५० असताना मीटर २०० दाखवू शकतो. अशा खोट्या आकड्यावर इन्सुलिन टोचून मृत्यू झालेले आहेत, आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तुमचा मीटर आणि त्याच्या पट्ट्या आयकोडेक्स्ट्रिनबरोबर चालतात का, हे पट्ट्यांच्या माहितीपत्रकात बघा आणि डायलिसिस विभागाकडून खात्री करून घ्या. आयकोडेक्स्ट्रिन बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहतो. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात दाखल झालात तर तिथल्या मीटरबद्दलही हेच सांगा. खिशात एक चिठ्ठी ठेवा.

पायरी ८: खाणं

डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात, आणि अनेक जण तेच पुढे चालू ठेवतात. डायलिसिसवर प्रथिनं वाहून जातात, म्हणून गरज वाढते: वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. मधुमेहाचं पथ्य, पोटॅशियमचं पथ्य, फॉस्फरसचं पथ्य आणि पाण्याचं बंधन अशी चार पथ्यं एकावर एक चढली की ताटात काही उरतच नाही, माणूस खंगतो आणि साखर घसरते. मला विचाराल तर डायलिसिसवर कुपोषण हे थोड्या वाढलेल्या साखरेपेक्षा मोठं संकट आहे. मूत्रपिंडविकाराची माहिती असलेल्या आहारतज्ज्ञाला भेटा आणि ‘काय खाऊ नको’ ऐवजी ‘काय आणि किती खाऊ’ याची यादी मागा.

जेवणाच्या वेळा आणि कर्बोदकांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटत असेल, जेवणानंतर साखर घसरून काही तासांनी चढत असेल, तर जठर रिकामं व्हायला वेळ लागत असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना सांगा, इन्सुलिनची वेळ बदलावी लागते.

पायरी ९: हात, पाय, सुई

फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, सलाइन लावू द्यायचं नाही, सेन्सर आणि बोट टोचणंही दुसऱ्या हातावर. पाय रोज बघा, तळवे आणि बोटांच्या मधली जागाही. डायलिसिसवरच्या मधुमेहींमध्ये छोटी जखम चिघळून पाय गमावण्याचं प्रमाण खूप जास्त असतं. चार तास खुर्चीत बसायचंच आहे, तेव्हा मोजे काढून सिस्टरना पाय दाखवा.

पायरी १०: कधी सगळं नव्याने बघायचं

नवीन औषध लिहून दिलं की विचारा, याने साखर हलते का. स्टेरॉइड साखर चढवतात. फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं साखर दोन्ही दिशांना नेऊ शकतात. को-ट्रायमोक्झाझोल हे प्रतिजैविक साखर उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतलं तर साखर धोकादायक घसरू शकते. ताप, जंतुसंसर्ग, उलट्या-जुलाब, डायलिसिसची बैठक चुकणं, पाळीची वेळ बदलणं, काही आठवड्यांत वजन किंवा भूक बदलणं, यांतलं काहीही घडलं तर दोन दिवस साखर जास्त वेळा बघा आणि कळवा.

प्रत्यारोपण झालं तर चित्र पुन्हा पालटतं. नवं मूत्रपिंड इन्सुलिनचा निचरा करायला लागतं, आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून दिली जाणारी स्टेरॉइड व टॅक्रोलिमस ही औषधं साखर चढवतात. डायलिसिसवर इन्सुलिन सुटलेल्या माणसालाही ते पुन्हा सुरू करावं लागू शकतं, म्हणून वही, मीटर आणि टोचण्याची सवय तोपर्यंत मोडू देऊ नका.